पानातला पोटभाडेकरू

वीसेक वर्षांपूर्वी सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून ज्यांनी इंटरनेट पाहिलं, त्यांना एक चौकोन नक्की आठवेल. पान उघडायचं, मजकूर यायचा, फोटो यायचे आणि मधोमध एक राखाडी जागा रिकामीच राहायची. त्या जागेत जिगसॉ कोड्याच्या तुकड्याचं छोटंसं चित्र आणि सोबत सूचना : हा भाग पाहायला प्लगिन लागेल, इथे क्लिक करा. क्लिक करूनही बहुधा उपयोग नसे, कारण कॅफेच्या यंत्रावर काही नवं बसवायची मुभा गिऱ्हाइकाला नव्हती. तो चौकोन आता इतिहासजमा झाला आहे. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअर या आपल्या प्लगिनचा पाठिंबा थांबवला, १२ जानेवारी २०२१पासून त्यात काही चालेनासं झालं आणि प्लगिनचं प्रकरण मिटलं. हा इतिहास सांगणारे बहुतेक जण स्टीव्ह जॉब्झ यांच्या एप्रिल २०१०मधल्या जाहीर पत्राशी येतात आणि तिथेच थांबतात : आयफोनवर फ्लॅश का नाही हे त्यांनी लिहिलं आणि फ्लॅशची घरघर सुरू झाली. पत्र महत्त्वाचं होतं, यात वाद नाही. पण त्याहून जुना आणि जास्त भरवशाचा पुरावा वेबपानांच्या पोटातच पडून होता. वाचकाच्या यंत्रात प्लगिन आहे की नाही, हे हुडकण्यासाठी पानांत घातलेल्या स्क्रिप्ट हा तो पुरावा. त्या वर्षागणिक लांबत गेल्या, अधिकाधिक धूर्त होत गेल्या. त्या का लिहाव्या लागल्या हे नीट पाहिलं, तर ही व्यवस्था टिकणारी का नव्हती ते पत्र न वाचताही कळतं.

सुरुवातीच्या ब्राउझरला मजकूर कळायचा, दुवे कळायचे, चित्रं कळायची. ध्वनी, चलच्चित्र, पीडीएफ हे त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. १९९६च्या सुमारास नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीने त्यावर तोड काढली. ब्राउझरने सगळं शिकत बसण्यापेक्षा पानावर एक चौकोन मोकळा सोडायचा आणि त्यात काय दाखवायचं ते यंत्रात आधीच बसवलेल्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमवर सोपवायचं. हा दुसरा प्रोग्रॅम म्हणजे प्लगिन. मुंबईतल्या माणसाला हे पटकन समजेल : ब्राउझर घरमालक, पान भाडेकरू आणि भाडेकरूने आपल्या खोलीचा एक कोपरा ज्याला दिला तो पोटभाडेकरू. कोपऱ्यात कोण राहतं, रात्री काय करतं, भिंतीला किती भोकं पाडतं, हे घरमालकाला ठाऊक नाही; भाडेकरूला त्याच्याशी बोलायचं तर दाराच्या फटीतून. चौकोनातला मजकूर निवडता येत नसे, ब्राउझरच्या शोधपेटीला तो सापडत नसे, पानाचं अक्षर मोठं केलं तरी चौकोनातलं अक्षर होतं तेवढंच राही. पान उघडण्याआधी एक प्रश्न मात्र टाळता येत नसे : हा पोटभाडेकरू मुळात घरी आहे का?

प्रश्न साधा वाटतो, पण तो विचारायच्या भाषाच दोन होत्या. नेटस्केपने ‘एम्बेड’ नावाचा टॅग आणला. मायक्रोसॉफ्टने १९९६मध्येच इंटरनेट एक्स्प्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत अ‍ॅक्टिव्हएक्स हे स्वतःचं तंत्र आणलं आणि त्यासाठी ‘ऑब्जेक्ट’ हा टॅग वापरला. त्यात फ्लॅशला नावाने हाक मारून चालत नसे. अंक आणि अक्षरं मिळून ३२ चिन्हांचा ओळखक्रमांक लिहावा लागे, आणि त्यातलं एक चिन्ह चुकलं की चौकोन रिकामा. डिसेंबर १९९७मध्ये एचटीएमएल ४ हे मानक आलं. त्याने ऑब्जेक्टला मान्यता दिली, एम्बेडचा उल्लेखही केला नाही. म्हणजे निम्म्या जगात चालणारा टॅग कागदोपत्री अस्तित्वातच नव्हता. त्याला अधिकृत जागा मिळायला २०१४मधल्या एचटीएमएल ५ची वाट पाहावी लागली. यातून जन्मलेलं एक दृश्य लाखो लोकांनी पाहिलं आहे. सुरुवातीच्या काळात यूट्यूबवरच्या प्रत्येक चित्रफितीशेजारी नकलून घेण्यासाठी कोडचा एक तुकडा दिलेला असे. तो उलगडून पाहिला तर बाहेर ऑब्जेक्ट, त्यात ४२५ बाय ३५० हे माप, त्यात चित्रफितीचा पत्ता. मग त्याच्या पोटात एम्बेड, त्यात पुन्हा तोच पत्ता आणि पुन्हा तेच माप. एक्स्प्लोररने बाहेरचं वाचायचं, बाकीच्यांनी आतलं. एकच निरोप दोन भाषांत लिहिलेली ही चिठ्ठी रोज किती ब्लॉगांवर चिकटवली जात होती, याचा हिशेब कोणी ठेवला नसेल.

ही पुनरुक्ती खटकणारे लोक होते. नोव्हेंबर २००२मध्ये ड्रू मॅक्लेलन यांनी ‘फ्लॅश साते’ या गमतीदार नावाची युक्ती प्रसिद्ध केली. एम्बेड काढून टाका, तो लांबलचक क्रमांकही काढा, ऑब्जेक्टमध्ये फक्त फाइलचा प्रकार सांगा. दोन्हीकडे चालेल, मानकातही बसेल. आणि ते चाललं. फक्त एक्स्प्लोररमध्ये चित्रफीत येता येता दिसण्याऐवजी पूर्ण उतरेपर्यंत काहीच दिसेना. डायल-अप मोडेमच्या दिवसांत हे परवडणारं नव्हतं. मग त्यावर आणखी एक उपाय : एक इवलीशी रिकामी फ्लॅश फाइल आधी आणायची आणि तिने खरी फाइल खेचून घ्यायची. कोड नीटनेटका व्हावा म्हणून पानाने प्रत्येक वेळी एक फाइल जास्तीची वाहायची, असा तो सौदा झाला.

आता हुडकण्याकडे वळू. नेटस्केप आणि त्याच्या वंशातल्या ब्राउझरांत स्क्रिप्टला प्लगिनांची आख्खी यादी मिळत असे. यादीत ‘शॉकवेव्ह फ्लॅश’ हे नाव शोधायचं, त्यापुढचं वर्णन वाचायचं आणि त्यातून आवृत्तीचा आकडा कातरून काढायचा. वर्णन माणसाने वाचण्यासाठी लिहिलेलं, आणि त्यावर यंत्राने निर्णय घ्यायचा. विंडोजवरच्या एक्स्प्लोररमध्ये तर ही यादी रिकामीच मिळायची. तिथे एकच मार्ग : फ्लॅशची वस्तू तयार करायला सांगायची आणि चूक झाली का ते पाहायचं. झाली, तर फ्लॅश नाही. सुरुवातीच्या आवृत्त्यांत जावास्क्रिप्टला अशी चूक अलगद झेलता येत नव्हती, म्हणून मायक्रोसॉफ्टच्याच व्हीबीस्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेतल्या चार ओळी मध्ये घुसडल्या जात. ‘चूक झाली तरी पुढे चालू’ असा त्यांचा मथितार्थ. घरात कोणी आहे का ते पाहायला दाराला धक्का मारायचा, दार मोडलं नाही तर आत कोणीतरी आहे असं समजायचं, असा हा प्रकार. कधी कधी धक्क्याने खरंच घर पडायचं. फ्लॅश ६च्या सुरुवातीच्या काही उपआवृत्त्यांना ‘तुझी आवृत्ती कोणती’ असं विचारलं की प्लेअर कोसळायचा. त्यामुळे जाणत्या स्क्रिप्ट आधी सातवी आवृत्ती आहे का पाहत, नसेल तर सहावी आहे का पाहत, आणि सहावी सापडली की एक विशिष्ट परवानगी देऊन पाहत : ती स्वीकारली तर पुढे विचारायचं, नाकारली तर ही ती ठिसूळ आवृत्ती आहे असं समजून आवाज न करता मागे फिरायचं. हे सगळं कशासाठी, तर बहुतेक वेळा पानाच्या माथ्यावर फिरणाऱ्या एका जाहिरातीसाठी.

आकडे वाचण्याच्या या सवयीचं एक अंग प्लगिनपलीकडेही पसरलं होतं. आवृत्ती एकअंकीच असणार या समजुतीवर असंख्य स्क्रिप्ट उभ्या होत्या. पहिलं अक्षर वाचलं की काम झालं. ऑपेरा ब्राउझर २००९मध्ये दहाव्या आवृत्तीला पोचला तेव्हा अशा स्क्रिप्टना तो पहिल्या आवृत्तीचा वाटू लागला, आणि पानं त्याला ‘तू फार जुना आहेस’ म्हणून दारातूनच परत पाठवू लागली. शेवटी ऑपेराने हार मानून आपल्या ओळखपत्रावर ९.८० हा आकडा कायमचा गोठवला आणि खरी आवृत्ती मागे वेगळी लिहिली. २०२२मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभराव्या आवृत्तीला पोचले तेव्हाही तीन अंकांनी कुठली पानं मोडतात हे आधीच तपासून पाहावं लागलं. ओळख विचारून निर्णय घेण्याची पद्धत एकदा रुजली की ज्याला विचारलं जातं तो स्वतःच्या बचावासाठी खोटं बोलायला शिकतो. हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा. शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

मधल्या काळात न्यायालयाने या गोंधळात जी भर घातली तिच्याइतकी अजब गोष्ट वेबच्या इतिहासात क्वचितच सापडेल. पानातल्या चौकोनात बाहेरचा प्रोग्रॅम चालवण्याच्या कल्पनेवर इओलास नावाच्या छोट्या कंपनीने हक्क सांगितला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नावे असलेलं ते पेटंट १९९८मध्ये मंजूर झालं होतं. ऑगस्ट २००३मध्ये ज्यूरीने मायक्रोसॉफ्टला सुमारे ५२ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. अपिलं चालू राहिली, पण मायक्रोसॉफ्टने धोका पत्करण्याऐवजी पळवाट शोधली. एप्रिल २००६पासून एक्स्प्लोररमधला प्रत्येक प्लगिन-चौकोन मुका झाला : चित्र दिसायचं, पण त्यातलं बटण दाबता यायचं नाही. आधी चौकोनावर एक क्लिक करून तो ‘जागा’ करायचा, मग खरा क्लिक. पेटंटातला दावा चौकोन आपोआप चालू होण्याबद्दल होता, म्हणून माणसाच्या हाताची एक टिचकी मध्ये घातली की दाव्यातून सुटका. यातही एक बारीक फट होती. टॅग पानात थेट लिहिलेला असेल तर टिचकी हवी. पानातल्याच स्क्रिप्टने लिहिला तरी हवी. पण वेगळ्या फाइलमधल्या स्क्रिप्टने येऊन तोच टॅग, अगदी अक्षर न् अक्षर तसाच लिहिला, तर टिचकी नको. वाचकाला दिसणाऱ्या निकालात तिळमात्र फरक नसताना जगभरच्या वेब-कारागिरांनी लक्षावधी पानांतले टॅग उपसून वेगळ्या फाइलींत नेऊन ठेवले.

या पेटंटाचा शेवटही पाहण्यासारखा आहे. पे-युआन वे या बर्कलीच्या विद्यार्थ्याने व्हायोला नावाचा ब्राउझर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच केला होता आणि पानात चालणारे छोटे प्रोग्रॅम त्यात होते. बर्कली म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाचाच भाग. पेटंटाचा मालक आणि पेटंटाला खोटं पाडणारा पुरावा एकाच छपराखालचे निघाले. मायक्रोसॉफ्टने २००७मध्ये तडजोड केली, २००८मध्ये टिचकीची अट उठली आणि फेब्रुवारी २०१२मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी ज्यूरीने इओलासचे दावे अवैध ठरवले. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली त्या खटल्यात साक्षीला आले होते. तोवर टॅग हलवणाऱ्यांचे श्रम केव्हाच वाया गेले होते. किंवा अगदीच वाया नाही, कारण त्याच लाटेवर एक चांगली गोष्ट वर आली होती.

ती म्हणजे एसडब्ल्यूएफऑब्जेक्ट. जेफ स्टर्न्स यांची ही छोटी स्क्रिप्ट आणि बॉबी व्हॅन डर स्लूइस यांची यूएफओ नावाची दुसरी, अशा दोन प्रतिस्पर्धी युक्त्यांच्या कर्त्यांनी पुढे हातमिळवणी करून दुसरी आवृत्ती काढली. पानात आधी साधा मजकूर किंवा चित्र ठेवायचं; स्क्रिप्टने फ्लॅश आहे का आणि पुरेसा नवा आहे का ते पाहायचं; असेल तरच त्या मजकुराच्या जागी फ्लॅश बसवायचं. नसेल तर वाचकाला साधा मजकूर तरी मिळतो, शोधयंत्रांनाही तोच दिसतो. वर सांगितलेली ठिसूळ आवृत्ती, दोन भाषा, टिचकी, सगळं एका फाइलमध्ये निस्तरलेलं. इथे कोणी म्हणेल की मग अडचण राहिलीच कुठे? हुडकण्याचा प्रश्न सुटला होता, व्यवस्था सावरली होती. आयफोनने हट्ट केला नसता तर फ्लॅश आजही चालला असता. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. स्क्रिप्टला कळायचं ते प्लगिन बसवलेलं आहे की नाही एवढंच. ते चालेल की नाही हे नाही. वाचकाने फ्लॅश अडवणारी सोय बसवली असेल, कचेरीच्या नेटवर्कने अशा फाइली गाळल्या असतील, यंत्र इतकं जुनं असेल की चित्रफीत रखडत चालेल, तर यादी मात्र सांगणार की फ्लॅश आहे. साधा मजकूर दूर सारून तिथे चौकोन बसवला जाणार आणि चौकोन कोराच राहणार. ज्याच्या घरी पोटभाडेकरूचं नाव दारावर आहे पण माणूस आतून हाकेला ओ देत नाही, त्याला पाटी वाचून काय कळणार?

आणि दुसरी बाजू याहून गंभीर होती. हुडकून ‘नाही’ असं उत्तर आलं की बहुतेक पानं काय करत? वाचकाला एक खिडकी दाखवत : नवा प्लेअर उतरवून घ्या. कोणत्याही अनोळखी पानाने सांगितलं की एक प्रोग्रॅम उतरवायचा आणि चालवायचा, याची दहा-पंधरा वर्षं जगभरच्या लोकांकडून तालीम करून घेतली गेली. त्या तालमीचं फळ चोरांनी खाल्लं. २०११मध्ये मॅक संगणकांवर पसरू लागलेला फ्लॅशबॅक हा ट्रोजन सुरुवातीला फ्लॅशच्या इन्स्टॉलरचंच सोंग घेऊन आला, आणि पुढच्या वर्षी जावाच्या प्लगिनमधल्या फटीतून शिरून त्याने सुमारे ६ लाख यंत्रं गाठली. फ्लॅशच्या स्वतःच्या फटी तर एवढ्या होत्या की जुलै २०१५मध्ये हॅकिंग टीम या इटालियन कंपनीची गुपितं फुटल्यावर त्यांत फ्लॅशची न भरलेली भगदाडं सापडली आणि मोझिलाने काही काळ फायरफॉक्समध्ये फ्लॅश अडवूनच ठेवला. घरमालकाने कितीही कुलपं बदलली तरी पोटभाडेकरूची खिडकी उघडी होती.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. प्लगिन नसते तर वेबवर चित्रफीत आलीच नसती, असं म्हणता येतं, आणि ते मोठ्या अंशी खरं आहे. २००५मध्ये यूट्यूब सुरू झालं तेव्हा कोणत्याही ब्राउझरला स्वतःहून चित्रफीत चालवता येत नव्हती. रिअलप्लेअर, क्विकटाइम, विंडोज मीडिया असे तीन तट होते आणि संकेतस्थळं ‘तुमचा प्लेअर निवडा’ असा पर्याय देत. फ्लॅश जवळपास प्रत्येक यंत्रावर होता, म्हणूनच हे तट मोडले. मराठीपुरतं पाहिलं तरी फ्लॅशच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. युनिकोड रुजण्याआधी मराठी संकेतस्थळ वाचायचं तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्या, असं म्हणणारी पाटी बहुतेक ठिकाणी असे. फ्लॅशच्या फाइलीत अक्षरांचे आकारच भरून देता येत, त्यामुळे वाचकाच्या यंत्रात देवनागरी नसली तरी ती शाबूत दिसे. मात्र तो मजकूर उरायचा नाही, फक्त चित्र उरायचं. शोधायला गेलं तर मराठीचा एक शब्द सापडत नसे. खरा युनिकोड मजकूर द्यावा तर जोडाक्षरं फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागच्या बाजूला जाऊन बसे. देवनागरी नीट मांडणारी यंत्रणा फ्लॅशमध्ये २००८च्या दहाव्या आवृत्तीत आली, तोवर ब्राउझर ते स्वतःच करू लागले होते. म्हणजे प्लगिनने गरज दाखवून दिली हे खरं. पण गरज दाखवून देणं वेगळं आणि ती भागवण्याचा कायमचा ठेका एकाच्या हाती असणं वेगळं.

मग ब्राउझरने ती गरज कशी भागवली? ऑपेराने २००७मध्ये ‘व्हिडिओ’ या टॅगचा प्रस्ताव मांडला, २००९च्या जूनमध्ये फायरफॉक्स ३.५ने तो चालवून दाखवला, २०१५च्या जानेवारीत यूट्यूबने फ्लॅश सोडून तोच नेहमीचा मार्ग केला. या टॅगमध्ये खरी नवी गोष्ट चित्रफीत नव्हे. पान आता विचारत नाही, ते सांगतं : माझ्याकडे ही फीत तीन प्रकारांत आहे, पहिला जमला तर घे, नाही तर दुसरा, नाही तर तिसरा, काहीच जमलं नाही तर हा मजकूर दाखव. निवड ब्राउझर करतो, कारण आपल्याला काय जमतं हे त्यालाच सर्वांत चांगलं कळतं. यातली बोचणारी बाब अशी, की ऑब्जेक्ट टॅगची मूळ कल्पना अगदी हीच होती. एकाच्या पोटात दुसरा पर्याय, त्याच्या पोटात तिसरा, सगळ्यात आत साधा मजकूर, हे १९९७च्या मानकात लिहिलेलं आहे. ब्राउझरांनी ते धडपणे केलं नाही, म्हणून कारागिरांना दोन दशकं दारं ठोठावत बसावं लागलं. आणि ज्यांना अजूनही विचारायचंच आहे त्यांच्यासाठी व्हिडिओ टॅगमध्ये एक प्रश्न ठेवला आहे : अमुक प्रकारची फीत तुला चालवता येईल का? त्याला ब्राउझरने द्यायची उत्तरं तीनच : ‘बहुधा’, ‘कदाचित’ आणि काहीच न बोलणं. ठाम ‘हो’ मानकात नाहीच. प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय ‘हो’ म्हणणं खोटं ठरेल, एवढं शहाणपण त्या पोकळ चौकोनांनी शिकवलं असावं.

तिसरा आक्षेप असा, की प्लगिन गेले हा नुसता भास आहे. पैसे भरून पाहायच्या सिनेमांना कुलूप लावणारी यंत्रणा ब्राउझरच्या आत आलीच. सप्टेंबर २०१७मध्ये वेबच्या मानकसंस्थेने तिला मान्यता दिली तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने निषेध म्हणून संस्थेचा राजीनामा दिला. त्या कुलपाच्या आत काय चालतं हे आजही बाहेरच्याला पाहता येत नाही, आणि तेवढ्यापुरता पोटभाडेकरू राहिलाच आहे, हे मी मान्य करतो. आपल्याकडची गोष्ट याहून रोजची आहे. ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदारांना डिजिटल सही करायला ब्राउझरमध्ये जावा लागायचं. क्रोमने सप्टेंबर २०१५मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७मध्ये असे प्लगिन काढून टाकल्यावर सहीचा प्रोग्रॅम ब्राउझरबाहेर गेला. आज जीएसटीच्या पोर्टलवर सही करताना कोणत्याही सीएच्या कचेरीत हे पाहायला मिळतं : यूएसबी टोकन लावलेलं, सहीचा छोटा प्रोग्रॅम यंत्रात मागे चालू, आणि पान त्याच यंत्रातल्या एका पोर्टवर हाक मारून विचारतं आहे, आहेस का? ओ मिळाली नाही की सही होत नाही, विवरणपत्राची शेवटची तारीख असली तरी. दक्षिण कोरियाने हीच चूक देशाच्या पातळीवर केली होती. पक्क्या सांकेतिकीकरणावरच्या अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे त्या काळच्या ब्राउझरांत कच्ची कुलपं होती, म्हणून कोरियाने १९९८मध्ये सीड नावाचं स्वतःचं सांकेतिकीकरण घडवलं आणि ते अ‍ॅक्टिव्हएक्समधून बँकांच्या पानांत बसवलं. त्या क्षणी निर्णय शहाणपणाचाच होता. पण निर्यातबंदी उठली, कुलपं पक्की झाली, तरी देश कित्येक वर्षं इंटरनेट एक्स्प्लोररला बांधलेला राहिला. सरकारमान्य प्रमाणपत्रांची मक्तेदारी डिसेंबर २०२०मध्ये संपली. हा आक्षेप माझ्या मुद्द्याला खोडत नाही, उलट पुष्टी देतो. जिथे जिथे पानाला ‘तुझ्या यंत्रात अमुक आहे का’ असं विचारावं लागतं, तिथे तिथे तोच राखाडी चौकोन नव्या वेशात उभा राहतो.

त्या प्रश्नाची आणखी एक किंमत होती, आणि ती वाचकाच्या नकळत वसूल होत होती. प्लगिनांची यादी प्रत्येक यंत्रात वेगळी असे : कोणाकडे जुना क्विकटाइम, कोणाकडे अमुक आवृत्तीचा जावा, कोणाकडे कचेरीने बसवलेलं काहीबाही. २०१०मध्ये त्याच इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. ज्यांच्याकडे फ्लॅश किंवा जावा होतं त्यांच्यात हे प्रमाण ९४.२ टक्के होतं. नाव नको, कुकी नको, यादीच माणसाची पावलं ओळखायला पुरेशी. चित्रफीत चालेल ना, या भल्या हेतूने उघडलेली खिडकी जाहिरातवाल्यांनी टेहळणीला वापरली. फ्लॅश घरी असो नसो, ती यादी मागणाऱ्या स्क्रिप्टला त्यातून मिळणारी गोष्ट मूळ प्रश्नापेक्षा फार मोठी होती.

आज ती यादी मागितली तर काय मिळतं, हे पाहण्यासारखं आहे. ती काढून टाकता आली नाही, कारण ती रिकामी मिळाली की काही जुनी पानं अडतात. म्हणून मानकातच उत्तर ठरवून टाकलं आहे. पीडीएफ दाखवू शकणारा कोणताही ब्राउझर पाच नावं सांगतो : पीडीएफ व्ह्यूअर, क्रोम पीडीएफ व्ह्यूअर, क्रोमियम पीडीएफ व्ह्यूअर, मायक्रोसॉफ्ट एज पीडीएफ व्ह्यूअर आणि वेबकिट बिल्ट-इन पीडीएफ. फायरफॉक्सही हेच सांगतो आणि सफारीही, मुंबईतल्या फायरफॉक्सचं उत्तर आणि सोलमधल्या सफारीचं उत्तर अक्षरशः एकच. दुसरीकडे जुने फ्लॅश खेळ आणि व्यंगचित्रं वाचवणारा रफल हा प्रोग्रॅम आहे. इंटरनेट अर्काइव्हने २०२०च्या नोव्हेंबरपासून तो वापरून हजारो फाइली पुन्हा चालत्या केल्या. त्याला फ्लॅशची नक्कल करणं पुरत नाही. एखाद्या जुन्या पानावर पाय ठेवल्याबरोबर तिथली वीस वर्षांपूर्वीची स्क्रिप्ट यादी चाळू लागते, म्हणून रफल तिच्या हाती स्वतःच्या हाताने लिहिलेली एक पाटी देतो : शॉकवेव्ह फ्लॅश ३२.०. स्क्रिप्ट वर्णनातून आकडा कातरते, बत्तीस हे नऊपेक्षा मोठे आहेत याची खात्री करून घेते आणि चौकोन उघडते.